ग्रॅफाइटचा तुकडा

सोमवार, ६ ऑक्टोबर
चाचण्यांत ग्रॅफाइटच पहिलं. प्रयोगशाळेतल्या नंदिनीने सगळ्या नोंदी दोनदा तपासून सांगितलं. दीड वर्ष एकच प्रश्न – यंत्रात इलेक्ट्रॉन सोडणारा तुकडा, कॅथोड, कशाचा करायचा? हिंगणघाटहून आणलेली मखमल लवकर सुटते, म्हणजे पटकन इलेक्ट्रॉन सोडू लागते, पण वायू सोडून निर्वात पोकळी बिघडवते. कार्बन फायबर दोन्हींत मध्यम. ग्रॅफाइट टिकतं, पण सुटायला उशीर लावतं. या वेळी मखमलीइतकं लवकर सुटलं! अहवाल शनिवारीच पाठवला, मुदतीत. आनंद व्हायला हवा होता.

मंगळवार, ७
ग्रॅफाइटचा नवा तुकडा लावला. नेहमीसारखा उशीर. जुना काढून नंदिनीने सूक्ष्मदर्शकाखाली धरला – छिद्रांत लाल कण. आमचे तंत्रज्ञ नत्थूजी शांतपणे म्हणाले, "कुंकू आहे मॅडम. खंडेनवमीले साऱ्या मशीनची पूजा केली, याले काऊन सोडू?"
"पण आतल्या तुकड्याला?" नंदिनीने विचारलं.
"तोच तर काम करून राह्यला ना!"
मखमल आणि फायबर तेव्हा डब्यात बंद होते, म्हणून कुंकवापासून वाचले. नंदिनी हसत सुटली, "काका, तुमच्या कुंकवानं दीड वर्षाच्या फायबरला हरवलं!" नत्थूजीही हसले. मी चाचण्या पुन्हा लावायला सांगितल्या.

बुधवार, ८
अनुदान समितीच्या अश्वजितला फोन केला, अहवाल मागे घेते म्हणून. "मॅडम, दिवाळीआधी मंजुरी होती हो! बरं, लेखी द्या. चूक कोणाची, नावासकट." फोन स्पीकरवर होता; नत्थूजी बाजूलाच यंत्र पुसत होते. नत्थूजींचा करार या महिन्यात संपतो. असं नाव गेलं की पुढचा करार होणार नाही. पूजा त्यांनी माझ्यासमोर केली होती. मी दारात उभी राहून पेढा खाल्ला होता.

गुरुवार, ९
भेंडी केली. अर्धी उरली.

शुक्रवार, १०
सकाळी खुलासा पाठवला. कुंकू मी लावलं, असं लिहिलं. नत्थूजींना काही बोलले नाही.

शनिवार, ११
अश्वजितचा फोन. "मॅडम, एका तुकड्याला कुंकू किती जणांनी लावलं? तुमच्या आधी, गुरुवारीच नत्थूजींचं पत्र आलं. त्यात लिहिलंय – मीच लावलं, मॅडमले काहीच ठाऊक नव्हतं."
सोमवारी अकरा वाजता दोघांनाही समितीपुढे बोलावलंय.