नाण्यानं दिलेली बाजू

२८ सप्टेंबर

विरोधी बाजू! नाणं उडालं, पडलं, संपलं.

शनिवारी चर्चच्या सभागृहात वादविवादाची अंतिम फेरी. विषय — या राष्ट्राध्यक्षांनी देशाचं भलं केलं, त्यांना पुन्हा निवडून द्यावं. बाजूनं बोलणार मारिट. माझीच धाकटी बहीण!

घरीच शिकणाऱ्या मुलांसाठी बाबांनी हे मंडळ काढलं, आणि बाजू नाण्यानंच ठरवायची हा नियमही त्यांचाच. मी कुरकुरले तर हसले. "न पटणारं नीट मांडता आलं पाहिजे, कोरा. त्याशिवाय पटणारं पक्कं होत नाही."

३० सप्टेंबर

अडचण झाली आहे. मांडता मांडता पटायला लागलंय.

मारिट भांडी पुसता पुसता सराव करते. "कारखाने परत आले, सीमा आवळली, न्यायाधीश आपल्या विचारांचे बसले. याआधी आपल्या आयोवा राज्यातल्या मका पिकवणाऱ्या माणसांकडे कोणी ढुंकून पाहिलं होतं?" तिचं खोटं नाही. यातलं बरंचसं मीही मानत आले.

पण उत्तर शोधायला बसले की बाबांचं वर्कशॉपच डोळ्यांपुढे येतं. गुरं वाहायचे ट्रेलर बनवतात ते. राष्ट्राध्यक्षांनी बाहेरच्या पोलादावर कर बसवला, तसं इथलंही महागलं. ऑर्डरी गळाल्या. हार्लन इतकी वर्षं वेल्डिंग करत होता, तो उन्हाळ्यात घरी बसला. बाबा राष्ट्राध्यक्षांना एका शब्दानं बोल लावत नाहीत. जेवणाआधीच्या प्रार्थनेत त्यांचं नाव घेतात.

आणि राष्ट्राध्यक्षांची जीभ! तसले शब्द आमच्या तोंडून निघाले असते तर आईनं साबणानं तोंड धुवायला लावलं असतं. ते बोलले की सगळं चर्च हसतं.

२ ऑक्टोबर

मुद्दाम वाईट बोलले तर ती फसवणूक. मनापासून बोलले तर —

३ ऑक्टोबर

मनापासून बोलले.

हार्लनचं नाव घेतलं नाही, पण सगळ्यांना कळलं. बाबा शेवटच्या बाकावर होते. त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

मारिट म्हणाली, "ते निवडून येणारच! आपल्या काउंटीत, अख्ख्या जिल्ह्यात, अंगणात प्रचाराची पाटीसुद्धा लावायची गरज नाही!" सभागृह खदखदून हसलं. मी म्हटलं, "आपली काउंटी म्हणजे देश नव्हे. शहरांच्या कडेच्या उपनगरांतल्या बायकांनी मागच्या वेळी नाक मुरडत का होईना, त्यांना मत दिलं. या वेळी त्या देणार नाहीत, आणि त्यांच्याशिवाय गणित जमत नाही." मागून कोणीतरी ओरडलं, "बघूच की!"

परीक्षकांनी मला जिंकवलं. टाळ्या मात्र मारिटला.

कॉफीपाशी चर्चमधल्या मिसेस विसर यांनी हात धरला. "काय गं, पाठ केलेलं बोललीस की पोटातलं?" मी कप सांडला.

५ ऑक्टोबर

आमच्या चर्चचे पास्टर डेक्कर घरी आले होते. "कोरा, बाळ, तो सराव होता हे आम्ही जाणतो. पण लहान मुलं ऐकत होती. लोकांच्या मनात किंतु राहायला नको. रविवारी उपासनेनंतर उभी राहा आणि एवढंच सांग, की मी बोलले ते माझं मत नाही."

नाही सांगितलं तर? ते त्यांनी आईला सांगितलं, मला नाही. मंडळाला सभागृह मिळणार नाही.

बाबा टेबलावरचे पावाचे कण बोटानं गोळा करत होते. "तिचं ती ठरवेल," एवढंच म्हणाले.

पास्टर गेल्यावर आई म्हणाली, "एक वाक्य तर आहे. बोल आणि मोकळी हो. बाबांची उरलीसुरली गिऱ्हाइकं त्याच बाकांवर बसतात, हे काय तुला सांगायला हवं?"

नको सांगायला.

८ ऑक्टोबर

वाक्य फिरवून फिरवून बघतेय. 'बाजू मला नाण्यानं दिली होती.' हे खरं आहे. पण ऐकणाऱ्यानं चुकीचं समजावं म्हणून बोललेलं खरं हे खोटंच — आईनंच शिकवलं होतं, याच टेबलाशी.

मारिट वैतागली. "अगं, बोलून टाक ना! मला तरी माझं सगळं कुठे पटत होतं?"

"मग तू का नाही उभी राहत?"

"मला कोणी विचारलंय?"

बाबा नुसते येतात, जातात. 'तिचं ती ठरवेल' — म्हणजे त्यांचं घर, त्यांचं काम, सगळं माझ्या जिभेवर! नाही म्हणायचं कुठल्या तोंडानं?

११ ऑक्टोबर

बोलले. "मी बोलले ते माझं मत नाही." आवाज कापलासुद्धा नाही.

सगळ्यांचे चेहरे सैलावले. टाळ्या. पास्टरनी खांदा थोपटला, मिसेस विसर यांनी भोपळ्याचा केक बळेबळे हातात दिला. आईनं डोळे पुसले. बाबांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोटाच्या खिशात हात घालून उभे होते. माझ्यापायी खाली बघायची वेळ आली त्यांच्यावर.

पण निदान ते सुटले.

१२ ऑक्टोबर

दुपारी सँडविच घेऊन वर्कशॉपमध्ये गेले. बाबांनी वेल्डिंगचा मुखवटा वर केला. म्हणाले, "निवडणुकीच्या दिवसाआधीही मत देता येतं ना, मी देऊन आलो गेल्या आठवड्यात. तुझं ऐकलं आणि गेलो. त्यांना नाही दिलं."

"मग काल मला का बोलू दिलंत?"

"मला वाटलं होतं तू नाही म्हणशील. मग मलाही उभं राहता आलं असतं."