कॅझीचा नवा बॉल आणि माझ्यामागची व्यवस्था

मी, बर्निस गापिन्स्की, कै. हेन्री गापिन्स्की यांची पत्नी, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार मिलवॉकीचा दक्षिण भाग, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाबद्दल तसे म्हणता येत नाही. डॉक्टर म्हणतात, हा उन्हाळा बघाल. पुढच्या उन्हाळ्याचे विचारले की ते चष्मा पुसायला घेतात. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण आमच्या घरात असली कामे हेन्रीकडे होती आणि तो ती न करताच गेला.

माझे वकील श्री. ऑर्टमन म्हणाले, "मिसेस गापिन्स्की, कोणाला काय द्यायचं तेवढंच लिहा. कारणं लिहू नका." मी म्हटले, "मी कारणं लिहिली नाहीत तर लोक आपापली लावतील." म्हणून कारणे लिहिली आहेत. ती कोणी काढू नयेत.

कलम १. माझे राहते घर, तळघरासह, आणि बँकेत जे काही आहे ते सर्व माझा एकुलता एक मुलगा कॅसिमिर याच्या नावे राहील. घरात त्याला कॅझी म्हणतात. त्याचे वय त्रेचाळीस. तो जन्मला तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की याची समज लहान मुलाएवढीच राहील, याला संस्थेत ठेवा आणि दुसऱ्या मुलाचा विचार करा. आम्ही त्याला घरी आणले आणि दुसऱ्याचा विचार केला नाही. कॅझीला वाचता येत नाही, पैसे मोजता येत नाहीत. पण घरात कोण कोणावर रागावले आहे ते त्याला माझ्याआधी कळते. तो एकटा राहू शकत नाही. त्याचा सांभाळ कोणी करायचा ते कलम ५ मध्ये येईल. आज ते कलम कोरे आहे आणि तेवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

कलम २. बर्फ उडवायचे यंत्र शेजारी एल्मर ग्रुबर याला द्यावे. वीस हिवाळे त्याने आपल्या दारातला बर्फ माझ्या फाटकापुढे लोटला. माझ्या फाटकापुढचा बर्फही त्यानेच काढायचा, या अटीवर यंत्र त्याचे.

कलम ३. पिएरोगी, म्हणजे आमच्या पोलिश करंज्या, लाटायचे माझे लाटणे चर्चच्या स्वयंपाकघराला द्यावे. बटाट्याच्या सारणात साखर घालणाऱ्या बाईच्या हाती ते देऊ नये. नाव लिहीत नाही. तिला कळेल.

कलम ४. कॅझीचा बोलिंगचा बॉल, आणि त्याबद्दलची हकिकत.

दर शनिवारी दुपारी आम्ही कोपऱ्यावरच्या बोलिंगच्या हॉलमध्ये जातो. पुढे बिअर आणि तळलेले मासे, मागे बॉल टाकायच्या सहा लांब लेन. कॅझी बारा वर्षांचा होता तेव्हा हेन्रीने त्याच्या हाती पहिल्यांदा बॉल दिला. वाढत्या अंगाबरोबर बॉल बदलत गेले आणि शेवटी जो बॉल आला तो बावीस वर्षे टिकला. गडद निळा, त्यात दुधासारखे पांढरे पट्टे, वजन बारा पौंड. अंगठ्याचे भोक त्याच्याच अंगठ्याच्या मापाने पाडलेले. कॅझी तीन पावले चालायचा, बॉल सोडायचा, बॉल सरळ जायचा आणि टोकाच्या दहा पिनांपैकी ज्या पडायच्या त्या पडायच्या. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस त्याच्या मते शनिवारची वाट बघण्यासाठी असतात.

जानेवारीत हॉलच्या दारातच माझा श्वास अडकला आणि मला इस्पितळात नेले. माझी गाडी हेन्रीच्या बहिणीने, डोलोरेसने, घरी आणून लावली. कॅझीलाही तिनेच आठवडाभर सांभाळले, ते मी नाकारत नाही. पण बॉलची पिशवी तिने डिकीतच ठेवली. बाहेर शून्याच्या खाली वीस. या शहरात जन्मलेल्या शेंबड्या पोरालाही माहीत असते की थंडीत बॉल गाडीत ठेवायचा नसतो. मी घरी आले, पिशवी आत आणली, बॉल उबेला लागला आणि अंगठ्याच्या भोकापासून पार दुसऱ्या बाजूपर्यंत तडकला. कॅझी शेजारीच उभा होता. त्याने त्यावर आपली टोपी घातली.

डोलोरेस आली. मी म्हटले, "तुझं डोकं पण डिकीतच राहिलं होतं का?"

ती म्हणाली, "तू आत नळ्या लावून पडलेली, हा पोरगा माझ्या कोटाला धरून रडतोय, आणि मी पिशव्या मोजत बसू? बॉल आहे, बर्निस. दुसरा घेता येतो."

दुसरा घेता येत नाही, हे तिला समजावणे माझ्या शक्तीबाहेर होते. ज्या कंपनीचा तो बॉल होता ती केव्हाच बंद पडली आहे. हॉलमध्ये भोके पाडून देणारा वॉली मात्स्के याच्याकडे आता कुठल्यातरी नव्या कंपनीचा माल येतो. तिचे नाव आमच्या भागात कोणी ऐकलेले नाही. वॉलीने तिचे रंगीत पुस्तक माझ्यापुढे टाकले. प्रत्येक बॉलला नाव होते. भूकंप. सूड. शेवटचा इशारा. मी म्हटले, "वॉली, मला बारा पौंडांचा शांत बॉल हवा आहे." तो म्हणाला, "शांत आता कोणी बनवत नाही, मावशी. आता सगळे शेवटी वळतात. पोटातला गाभाच तसा असतो."

मी कंपनीला फोन केला. एका मुलाने विचारले, "मॅडम, आपला मुलगा कोणत्या पातळीवर खेळतो?"

"शनिवारच्या."

"म्हणजे स्पर्धात्मक?"

"म्हणजे दुपारी दोन वाजता," मी म्हटले.

त्याने मला भूकंप घ्यायला सांगितले. चित्रात तो निळा होता. खोक्यातून जांभळा निघाला, चमकी लावलेला, आणि त्याला द्राक्षाच्या गोळीसारखा वास. कॅझीने भोकांत बोटे घातली, काढली, पँटला पुसली. म्हणाला, "मा, हा दुसऱ्या मुलाचा आहे. परत दे. तो रडत असेल."

मग मी साधा निळा मागवला. तो खरेच निळा होता, जवळजवळ जुन्यासारखा. मला वाटले, जिंकले. कॅझीने तो स्वतःच खोक्यात परत ठेवला आणि विचारले, "त्या मुलाचं घर तुला माहीत आहे का?"

त्यानंतर दर शनिवारी तो बोलिंगचे बूट घालून बाकावर बसायचा आणि इतरांसाठी टाळ्या वाजवायचा. एकदाही उठला नाही. रात्री जेवायचा नाही. मी त्याच्या पुढ्यात बशी सरकवायची आणि तो ती माझ्या पुढ्यात सरकवायचा. वजन उतरले. माझ्या हातात काही उरले नव्हते. एक गोल वस्तू मला निवडता येत नव्हती, आणि याच महिन्यात मला त्याच्यासाठी माणूस निवडायचा होता.

कारण पर्याय दोनच होते. एक म्हणजे काउंटीचे सरकारी घर, शहराबाहेर तासाभरावर. मी जाऊन पाहिले. स्वच्छ आहे. चादरी स्वच्छ, भिंती स्वच्छ, माणसे गप्प. तिथली बाई कॅझीला न भेटताच म्हणाली, "त्याला इथं नक्की आवडेल." दुसरा पर्याय डोलोरेस.

डोलोरेसबद्दल लिहिणे भाग आहे. १९९६ साली तिच्या मुलीचे लग्न झाले. पत्रिकेवर श्री. व सौ. गापिन्स्की एवढेच होते. कॅझीचे नाव नव्हते. मी फोन केला तर म्हणाली, "अगं, तो नाचायला लागला की थांबत नाही, फोटो बिघडतात." आम्ही गेलो नाही. पुढे तिची मुलगी ॲरिझोनात गेली, नवरा वारला, आणि दर ईस्टरला डोलोरेस सॉसेजचा डबा घेऊन माझ्या दारात उभी राहू लागली. मी डबा घ्यायची. विसरले मात्र कधी नाही. मी इस्पितळातून आल्यावर ती मला म्हणाली होती, "तुझ्यामागे मी घेईन त्याला. पण तू तोंडाने मागायचं. मी काही तुझ्या पाया पडणार नाही." मी म्हटले होते की त्यापेक्षा मी मरणार नाही.

इथपर्यंत मी मागच्या आठवड्यात लिहिले होते. पुढचे गेल्या शनिवारनंतरचे आहे.

शनिवारी डोलोरेस हॉलमध्ये आली ती कॅझीचा हात धरूनच. सकाळी "दाढी करून आणते" म्हणून त्याला घेऊन गेली होती. त्याच्या हातात बॉल होता. नारिंगी. इतका नारिंगी की लेनवरचे लोक वळून पाहू लागले. वर काळे ठिपके. नाव सूड.

मी म्हटले, "हे ध्यान कोणी निवडलं?"

"मी नाही. मी त्याला वॉलीकडं नेलं आणि विचारलं, कुठला? सगळे बाहेर काढले, जमिनीवर मांडले. हा तासभर प्रत्येकावर हात फिरवत बसला होता. वॉली जांभया देत होता." मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तू त्याला विचारलं होतंस का, बर्निस?"

मी विचारले नव्हते. त्रेचाळीस वर्षे त्याचे सदरे, त्याचे सूप, त्याचे डॉक्टर मी निवडले. विचारायचे असते हे माझ्या डोक्यातच आले नाही.

"हाच का रे?" मी कॅझीला म्हटले.

"हा चोचीसारखा आहे," तो म्हणाला. चोची म्हणजे आमच्या पोलिशमध्ये आत्या. डोलोरेसच्या केसांना ती जो रंग लावते तो पाहता, त्याचे म्हणणे बरोबर होते.

बूट घालून तो उठला. तीन पावले चालला. बॉल सोडला. सूड शेवटी डावीकडे वळला, वॉली म्हणाला होता तसाच, आणि सहा पिना पडल्या. कॅझीने दोन्ही हात वर केले. आमच्याकडे रीत अशी की बॉल टाकून आलेला माणूस बाकावरच्या प्रत्येकाच्या तळहातावर टाळी देतो. कॅझी पहिली टाळी नेहमी मला देतो. हेन्री असतानाही मलाच द्यायचा. मी हात वर धरला. तो माझ्यासमोरून डोलोरेसकडे गेला. तिच्या हातावर इतक्या जोराने टाळी दिली की तिची बिअर सांडली. माझा हात वरच होता. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "थांब मा. आता तुझा नंबर दुसरा."

मग त्याने मला टाळी दिली. त्याचा हात गरम होता. मला आनंद झाला आणि मला तो सहन झाला नाही, दोन्ही खरे आहे.

रात्री त्याने दोन बश्या मासे खाल्ले. गाडीत डोलोरेस म्हणाली, "रडतेस का?" मी म्हटले, "हीटरचा वारा लागतोय." तिने हीटर बंद केला. थोड्या वेळाने मी तोंडाने मागितले. ती "बरं" म्हणाली आणि पुढे काही बोलली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

कलम ५. माझ्या पश्चात कॅसिमिरचा सांभाळ त्याची आत्या डोलोरेस नोवित्स्की हिने करावा. तिने माझ्या घरात येऊन राहावे. कॅझी नाचू लागला तर त्याला थांबवू नये. त्याला विचारत जावे.

कलम ६. डोलोरेस एकोणसत्तर वर्षांची आहे आणि तिचा रक्तदाब माझ्यापेक्षा वाईट आहे. तिच्यानंतर कॅझीचे कोण, हे या कलमात लिहायचे होते. मला कोणाचेही नाव सुचत नाही. श्री. ऑर्टमन म्हणतात, कलम कोरे ठेवता येत नाही. मी ते कोरे ठेवत आहे.

श्री. ऑर्टमन यांनी शेवटी 'राजीखुशीने' असा शब्द टंकून आणला होता. तो मी खोडला आहे. हे मृत्युपत्र मी दुसरा इलाज नाही म्हणून, परंतु पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाखाली न येता केले आहे. कॅझीला डोलोरेसच्याच हाती सोपवत असल्याने श्री. ऑर्टमन तिला साक्षीदार होऊ देत नाहीत. ती बाहेर गाडी चालू ठेवून बसली आहे. कॅझी तिच्याशेजारी आहे आणि मला लवकर यायला सांगण्यासाठी हॉर्न वाजवतो आहे.

सही: बर्निस गापिन्स्की

साक्षीदार १: वॉल्टर मात्स्के, व्यवसाय बोलिंगच्या बॉलना भोके पाडणे
(खोडलेला शब्द माझ्यासमोर खोडला.)

साक्षीदार २: एल्मर ग्रुबर, शेजारी
(कलम २ वाचले. अट मान्य.)

स्थळ: मिलवॉकी, विस्कॉन्सिन
दिनांक: २७ मार्च २०१८