छोट्या मालकांचा शब्द

चाकण, ता. ६ जुलै १९५६

राजमान्य राजश्री मालोजीराव, पिंपरी कारखान्याचे छोटे मालक यांस, सुमनआत्याचे आशीर्वाद.

वि. वि. मुंबईत बसून नानासाहेबांनी, म्हणजे माझ्या भावानं, तुझ्या हाती डब्यांचा कारखाना दिला, तेव्हा तू मला नवी हॅट दाखवायला आला होतास. आज शेजारची रहमतबी रडत आली. तिच्या नवऱ्याची, चांदभाईची, दोन बोटं तुमच्या पत्रा कापायच्या प्रेसमध्ये गेली. इस्पितळात त्याच्या उशाशी बसून तू त्याला फाटकावर पहारेकरी नेमायचा शब्द दिलास. काल तो कामावर रुजू व्हायला गेला, तर मॅनेजर लक्ष्मणराव म्हणाले, छोट्या मालकांचा शब्द डोक्यावर, पण सही कुठाय? तू म्हणे वरच्या खिडकीतून बघत होतास.

शाळेत माझ्या वर्गात सध्या युरोपचा इतिहास चालू आहे. सम्राट शार्लमेननं आपल्या मुलाला, लुईला, फ्रान्समधल्या ॲक्विटेनचा राजा केलं, हत्यारं बांधून घोड्यावर बसवलं. जमिनी सरदारांनी घशात घातल्या; राजाकडे द्यायला आशीर्वादाखेरीज काही उरलं नाही. पण गादीवर बसला तेव्हा तो तीन वर्षांचा होता. तू चोवीसचा आहेस.

राग आहे तितकीच माया आहे, हे ध्यानात असू दे.
सुमन

पिंपरी, ९ जुलै

ती. सुमनआत्यास, मालोजीचा शि. सा. न. वि. वि.

हॅट हल्ली घालत नाही. बाबांच्या सहीशिवाय माणूस घ्यायचा नाही, असं त्यांचंच पत्र लक्ष्मणरावांनी दाखवलं. परवा तुझ्यासाठी एक रिकामा डबा नेत होतो, तर फाटकावर मलाच माल बाहेर न्यायचा पास मागितला. चहा मागवणं तेवढं माझ्या हाती आहे. बाबा वीस तारखेला येतील, तेव्हा मूड बघून बोलेन.

माया आटू देऊ नये.
मालोजी

चाकण, १२ जुलै

मालोजीराव,

पासाचं वाचून वर्गात हसू आवरेना. मूड नोकरांनी बघायचा. बापानं विचारलं तेव्हा लुईनं निदान कोणी काय गिळलं ते सांगितलं. नानासाहेबांना हार घालून झाल्यावर तुझं तोंड उघडतं का, ते कळव. नाही उघडलं, तर गणपतीला येऊ नकोस. रहमतबीच्या देखत तुला ताट वाढायची मला लाज वाटेल.

सुमन

पिंपरी, २४ जुलै

ती. आत्यास सा. न.

बाबांची मोटार आली तेव्हा पहारेकऱ्याच्या स्टुलावर मी बसलो होतो. तीनदा हॉर्न झाला. मी फाटक उघडलं नाही. बाबा उतरून आले आणि हा काय तमाशा, म्हणून ओरडले. मी म्हणालो, ही जागा चांदभाईला देतो म्हणालोय. तुमची सही होईतो मीच बसणार. सगळा कारखाना खिडक्यांत जमला होता.

बाबांनी मोटारीच्या टपावरच कागद ठेवून हुकूम लिहिला. सही त्यांची, खाली लक्ष्मणरावांची. माझं नाव कुठेच नाही. चांदभाई कालपासून कामावर आहे. रहमतबीनं खिरीचं पातेलं धाडलं, तेही लक्ष्मणरावांच्या घरी.

मालोजी

चाकण, २७ जुलै

चि. मालूस अनेक आशीर्वाद.

खीर तिकडे गेली ते बरं झालं. तुला मिळाली असती, तर तू पुन्हा मालक झाला असतास. गणपतीला ये, ताट मांडते. तो रिकामा डबाही आण. पास चांदभाईला दाखवून.

तुझी आत्या