गेलेल्यांच्या प्याल्यात तुझं नाव

तेलावी, द्राक्षतोडणीनंतर

प्रिय त्सिआलाताई,

नातीचं लग्न छान पार पडलं. माझी तब्येत ठीक आहे. तुझा गुडघा कसा आहे?

दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतो. मेजवानीत दर प्याल्याआधी कुणाच्या तरी नावाने दोन शब्द बोलायचा मान माझा होता. गेलेल्यांसाठी प्याला उचलताना शाळेतली कविता म्हणू लागलो, आई-बाबा आठवले, आणि त्याच ओघात तुझंही नाव घेतलं. सगळे उभे राहिले, मेलेल्यांच्या नावाने शिंपडतात तशी पावावर वाइनही शिंपडली.

व्याही म्हणाले, "अहो, त्या तर सकाळीच फोनवर मला झापत होत्या!" सगळे हसले. माझी मान वर होईना.

ताई, तीन वर्षं तुला भेटलो नाही. गेलेल्यांसारखी तुझी नुसती आठवणच काढत बसलो, याची खरी लाज वाटते. रविवारी येतोय. दार उघडशील ना?

तुझा खजील भाऊ,
एलिझबार