देवघरातला गव्हर्नर

बाबा, गेल्या पंधरवड्यात टपालाने पुण्याहून दोन जिनसा आल्या. चंदनाचं खोड, चौदा आणे, आणि तुमच्या गव्हर्नराचं इंग्रजी चरित्र, सव्वादोन रुपये, तेही इंग्रज सरकारचे कलदार. आपला निजामी हाली सिक्का टपालवाला घेईना. खोड कामी येईल. पुस्तक वाचून झालं आणि तेव्हापासून तोंडाला चव नाही.

तुम्ही आष्टीला मास्तर होता तेव्हा नगरच्या कुणा पाद्र्याने त्याची तसबीर तुम्हाला दिली होती. अमेरिकेतल्या एका राज्याचा अगदी सुरुवातीचा गव्हर्नर. शेतकऱ्याचा पोर, चुलीच्या उजेडात वकिली शिकला, राजाचा अंमल झुगारला आणि लोकांनी निवडला म्हणून खुर्चीवर बसला. ‘लोकांनी निवडला’ म्हणताना तुमचा आवाज खाली यायचा. निजामाच्या मुलखात ते भिंतीलाही ऐकू जायला नको होतं. म्हणूनच तसबीर ओसरीवर न लावता तुम्ही देवघरात, बाळकृष्णाच्या मागे टांगलीत. कुणी विचारलं तर आमचे गुरुमहाराज म्हणायचं. आणि देवघरात जो गेला त्याला रोजचं गंध आलंच. आधी आईने लावलं. तुमच्यामागे तसबीर माझ्या घरी आली, मग मी. लोकांची बोलणी खाऊन मला मॅट्रिक केलंत, तेही त्याचाच दाखला देऊन.

एक दिवस तुम्ही जेवताय, मी वाढतेय. मी सहज विचारते, “एवढी मोठी शेती आणि हा गव्हर्नर सदा कचेरीत. मग शेतात राबायचं कोण?” तुमचा घास थांबतो. “थोरांच्या गोष्टीत गडीमाणसं मोजू नयेत,” एवढंच बोलता आणि ताक न घेता उठता. ताकाशिवाय पानावरून उठलेले तुम्ही मला पुन्हा कधी आठवत नाही.

आता कळलं कोण राबायचं ते. विकत घेतलेली माणसं. माणसाच्या हक्कांवर त्याने मोठं भाषण केलं, त्याच सुमाराला त्याची स्वयंपाकीण पळाली. तिचं अंगावरचं पोर त्याने विकलं होतं, त्या पोराच्या मागावर ती गेली होती. याने वर्तमानपत्रात तिच्या पाठीवरच्या वळांची खूण देऊन धरून आणणाऱ्याला इनाम लावलं. वर लेखक लिहितो, साहेब घरखर्चात फार काटेकोर होते. किळस आली मला. तेलाचा थेंब मीही वाया जाऊ देत नाही. याला काटकसर म्हणत नाहीत. आणि असल्याच्या कपाळाला मी रोज सोवळ्यात, देवाचं उरलेलं गंध लावत आले.

तुमचा नातू पाटोद्याच्या कचेरीत पेशकार झालाय. अडल्यानडल्यांचे अर्ज साहेबापुढे ठेवायचं काम. नव्या बिऱ्हाडी आजोबांच्या गव्हर्नराची तसबीर न्यायची म्हणून हटून बसलाय. सोबत द्यावं म्हणूनच तर पुस्तक मागवलं. मी त्याला ते पान वाचून दाखवलं.

“आई, त्या वक्ताला सगळेच गुलाम ठेवायचे,” तो म्हणाला. “तू काय आता अमेरिकेवर मुकदमा करतीस?”

“त्या वक्ताला पोरांना आया होत्या ना रे पण?”

त्याने पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. मग म्हणाला, “न्हाई नेत मी तसबीर. पण मग आजोबांना काय समजायचं, तेवढं सांग.”

खोटं सांगून त्याला कचेरीत धाडायचं नाही, आणि खरं मला ठाऊक नाही.

तसबीर उतरवली, काच राखेने घासली, कणगीमागे पालथी ठेवली. आज सकाळी मात्र नव्या खोडाचं गंध उगाळलं आणि ओलं बोट आपसूक त्या रिकाम्या खिळ्यापर्यंत गेलं. पदराला पुसलं.

हे पत्र पोथीत राहील, टपालाची कुठली पेटी याच्या कामाची नाही. तरी तुमच्याकडे सोय असेल तर, मुलगा निघायच्या आत, उलट टपाली एवढंच कळवा: त्या दिवशी ताक न घेता उठलात, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं का?