शिडीखालचे बटाटे

बाई, आज नौपाड्यात लेकीसाठी सॅक घ्यायला गेले होते. पुढच्या महिन्यात ती कॉलेजच्या ग्रुपची लीडर म्हणून ट्रेकला निघतेय, तंबू-भांडी पाठीवर घेऊन. दुकानदाराने एकेका सॅकमध्ये वाळूच्या पिशव्या भरून तिला दुकानातच फेऱ्या मारायला लावल्या. "आधी कमरेचा पट्टा आवळा, खांद्याचे नंतर. वजन कमरेवर बसलं पाहिजे," तो म्हणाला आणि मला तुम्हीच आठवलात. डोंबिवलीच्या आपल्या शाळेत भूगोल शिकवायचात आणि सुट्टीत आम्हा मुलींना डोंगरावर न्यायचात. तुमच्या जुन्या सॅकला ॲल्युमिनियमच्या नळ्यांची चौकट होती आणि तिचा एक जोड तारेने आवळलेला होता. तो जोड मी पाहिला होता, बाई. हे आधीच सांगून टाकते.

अजून डोळ्यांसमोर आहे, माहुली गडाच्या पायथ्याशी तुम्ही नेहमीप्रमाणे एकेकीची सॅक एका हाताने उचलून बघताय. "जिचं ओझं तिनेच वाहायचं गं, मध्येच माझ्याकडे यायचं नाही!" माझ्या वाट्याला बटाटे आलेत, सगळ्यांच्या भाजीचे. तपासणीत मी पास. मग तुम्ही गावातल्या विहिरीवर पाण्याचा कॅन भरायला गेलात आणि मी ती पिशवी तुमच्या सॅकच्या तळाशी कोंबली. वर मोठा टोप होता, दोर होता, तरीही. निव्वळ आळस, दुसरं काही नाही. कॅन ठेवून तुम्ही सॅक पाठीवर घेतलीत, क्षणभर थांबलात आणि चालू लागलात. गडावर चढायच्या लोखंडी शिडीच्या थोडं खाली तो जोड सुटला. सॅक एका बाजूला कलंडली आणि तिच्याबरोबर तुम्हीही. गुडघा दगडावर आपटला, बटाटे उतारावरून गडगडत गेले. ते कोणाला दिले होते हे तुमच्याच यादीत लिहिलेलं होतं. तुम्ही मात्र कोणाकडेच पाहिलं नाहीत. "माझंच चुकलं, पोरींनो. जास्त भरलं मी," एवढंच म्हणालात. त्यानंतर तुम्ही डोंगर चढला नाहीत. शाळेचा जिनासुद्धा कठडा धरून एकेक पायरी चढायचात. वर्गात तुम्ही मला हाक मारलीत की चोराच्या मनात चांदणं, वाटायचं, आता विचारणार. तुम्ही नकाशाच तपासायचात. एकदा ओरडला असतात तर बरं झालं असतं.

वर्तकनगरला घरी येताना रिक्षात लेकीला ही सगळी गोष्ट सांगितली. फक्त "आमच्या वर्गातली एक मुलगी" असं म्हटलं.

"कसली चीप मुलगी गं, आई! सरळ सांगायचं ना, नाही झेपत म्हणून."

"हो ना," मी म्हटलं.

इथवर काल लिहिलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पत्र कुठे पाठवणार? म्हणून लेकीच्या नव्या सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवलं, निदान तिला तरी सापडेल. आज सकाळी ती उठायच्या आत काढून घेतलं.