मागून आणलेली काडी

आष्टी, जुलै १९५५

चि. सौ. जयवंतेस मोठेबाबाचे पोटभर आशीर्वाद. वासुदेवरावांस रामराम, गिरणीच्या पाळ्यांत त्यांची झोप पुरी होते ना? इकडे मी ठीक. गुडघा कुरकुरतो, पण घरात दुसरं कोणी बोलायला नाही म्हणून त्याचं ऐकून घेतो.

तुझं पत्र दोनदा वाचलं. लग्नात मोठीआईने फांदी दाबून, मुळं फोडून तुला डब्यात दिलेला मोगरा पिवळा पडून राह्यला, क्वार्टरच्या खिडकीत जगेल का, असं विचारतेस. जगेल. आधी पाणी बंद कर. मातीत बोट दोन पेरं खुपसून पाहा. कोरडं निघालं तरच पाणी, ओलं निघालं तर फक्त बोट धुण्यापुरतं. डब्याला खालून तीन भोकं असावीत (वासुदेवरावांना खिळा-हातोडा सापडेल अशी आशा आहे), आणि भोकांवर छपरावरच्या फुटक्या कवेलूचा तुकडा, म्हणजे पाणी जातं, माती राहते. मोगरा पाव्हणा नव्हे, त्याला आत बसवू नको. सकाळचं ऊन अंगावर येऊ दे. शेणखत मूठभर, पण वर्षभर मुरलेलं. ढेप मात्र घालू नको. मी गुरांना घालतात ती सरकीची ढेप भिजवून कुंडीत घातली, तर नत्थूजीची गाय ओसरीवर चढून ढेपेसोबत पानफुटीही खाऊन गेली. तक्रार घेऊन गेलो तेव्हा नत्थूजीने शांतपणे सांगितलं, की गाईने त्या दिवशी पाऊण शेर दूध जास्त दिलं, आणखी काही लावलं असेल तर कळवा.

पुढेमागे काडी लावशील तर पेन्सिलीएवढी जाड, ना कोवळी ना जून, डोळ्याच्या खाली तिरपी काप. खालची पानं काढ, अर्धी रेती अर्धी माती घाल, सावलीत ठेव आणि महिनाभर उपटून पाहू नको. (मी रोज पाहत असे. मोठीआई म्हणायची, लेकराले झोपलं का म्हणून उठवून विचारणारा बाप पहिल्यांदा पाहिला.)

तिचं स्वतःचं शास्त्र एकच होतं: मागून आणलेली काडी लागत नाही, न विचारता आणलेली लागते. आपला मोगरा तिने आर्वीला एका वकिलाच्या कुंपणातून पदराआड आणला, आणि तो सोळा वर्षं फुलला. मी वर्ध्याला अस्तेयाचं व्रत घेतलेला माणूस. पहिलं वर्षभर त्या झाडाकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढे कळ्या उमलल्या तेव्हा नाकाने व्रत सोडलं.

यंदा मला काडी हवी झाली. (का, ते पुढे.) शेजारच्या तानाबाईकडे मोगरा आहे, एकेरी, पण वासाला वास. तीनदा मागून आणली, तिन्ही वाळल्या. चौथ्यांदा व्रत आणि शास्त्र दोन्ही सांभाळायचं ठरवलं. आदल्या दिवशी जाऊन तिला रीतसर कळवलं, की उद्या सकाळी मी तुमच्याकडे चोरी करणार आहे, गैरसमज नसावा. सकाळी गेलो तर तिने अंगण सारवलेलं, कुत्रा बांधलेला, आणि विळा धुऊन माझ्या हातात दिला. वरून चहा. ती काडीही आठव्या दिवशी वाळली. तेव्हा मात्र तानाबाई बोलली, "भाऊजी, काडीचा दोष नाई. काऊन तिले बुडवून राह्यले? तहान तिले नाई लागली, तुमाले लागली हाय."

घरी आलो आणि लोटा पालथा घातला.

तेव्हा पोरी, बोट खुपसल्याशिवाय पाणी नको. प्रकृतीला जप.

तुझा मोठेबाबा,
रूपराव

ता. क. घरचा मोगरा गेला. होळीच्या आधीच. मोठीआई गेल्यापासून तिची आठवण आली की त्याला एक लोटा घालत असे, आणि आठवण दिवसातून किती वेळा येते याचा विचार केला नाही. मुळं कुजली. आता तिच्या हातचा तेवढाच, तुझ्या खिडकीतला. म्हणून वर इतकं लिहिलं.

आणखी एक. त्याला नवी पानं फुटली की कळवजो, मी पुलगावला येईन. काडी मागणार नाही. दुपारी जेवणं झाली की तू आतल्या खोलीत पडून राह्य, आणि कात्री खिडकीत विसरून जा. मी हे लिहिलं हेही विसरजो, नाहीतर पुन्हा तानाबाईसारखं व्हायचं. लहानपणी झोपेचं सोंग करताना तुला हसू आवरत नसे. तेवढं या खेपेला आवर.